रिमलेस चष्मा: आधी नंबर, मग जोडणी

रिमलेस चष्म्यात काचांना धरणारी कडी नसते. काचाच बाकीच्या भागांना धरून ठेवतात. नाकावरचा ब्रिज आणि दोन बाजूंच्या काड्या काचेला पाडलेल्या भोकांत बसवलेल्या असतात. नेहमीच्या चष्म्यात काढता-घालताना येणारा ताण फ्रेम झेलते. रिमलेसमध्ये तोच ताण भोकाभोवतीच्या दोन-तीन मिलिमीटर जागेवर येतो. काच तिथे फार पातळ असेल तर तडा जातो, फार जाड असेल तर स्क्रू पुरत नाही आणि काडी बाहेरच्या बाजूला फाकते. काच कुठे किती जाड होणार हे नंबर ठरवतो. म्हणून रिमलेस घेताना आधी नंबर पाहावा, मग काचेचा पदार्थ, मग काचेचे माप आणि आकार, आणि सर्वांत शेवटी काड्या व ब्रिज. दुकानात बहुतेकदा उलटे घडते: शोकेसमधला नाजूक चष्मा आवडतो, किंमत ठरते आणि नंबराची चिठ्ठी त्यानंतर खिशातून निघते.

शोकेसमधला चष्मा आणि घरी येणारा चष्मा यांत मोठा फरक पडतो. शोकेसमधल्या चष्म्याला डेमो काचा असतात. त्यांना नंबर नसतो आणि कडेपासून कडेपर्यंत त्या सारख्याच पातळ असतात. मायनस ५ नंबर असलेल्या माणसाने असा चष्मा लावून आरशात पाहिले तर त्याला जे दिसते ते त्याच्या काचांनी कधीच दिसणार नाही. पण याच डेमो काचेत रिमलेसची सर्वांत मोठी सोयही आहे, आणि ती फार थोड्या ग्राहकांना सांगितली जाते. ती काच आकाराचा केवळ नमुना असते. त्याच काड्या आणि तोच ब्रिज ठेवून काच चार मिलिमीटर लहान, अधिक गोल किंवा अधिक उंच कापून घेता येते. कडीच्या फ्रेममध्ये काचेला फ्रेमच्या मापात बसावे लागते. रिमलेसमध्ये माप डोळ्यांच्या सोयीने ठरवता येते, आणि मोठा नंबर असलेल्याने या मोकळिकीचा पुरेपूर फायदा घ्यायला हवा.

नंबराचे एकक डायॉप्टर. हे नाव फ्रेंच नेत्रतज्ज्ञ फेर्दिनां मोनोये यांनी १८७२ मध्ये सुचवले. लांबचे दिसत नसेल तर मायनस नंबर लागतो; ती काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. प्लस नंबरची काच उलट, मध्ये फुगीर आणि कडेला पातळ. रिमलेसची भोके कडेजवळ, नाकाच्या आणि कानशिलाच्या बाजूला असतात. त्यामुळे मायनसवाल्याची अडचण जाड कडेची आणि प्लसवाल्याची पातळ कडेची.

मायनस काचेची कड किती जाड होईल हे साध्या गणिताने काढता येते. काचेच्या दृष्टिकेंद्रापासून, म्हणजे बुबुळासमोर येणाऱ्या बिंदूपासून, कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्यावे, त्याचा वर्ग करावा आणि नंबराने गुणावे. मग काचेच्या अपवर्तनांकातून १ वजा करून, उरलेल्या आकड्याच्या २००० पटीने भागावे. आलेल्या उत्तरात मधली जाडी मिळवली की कडेची अंदाजी जाडी मिळते. यातली कळीची गोष्ट आहे वर्ग. नंबर दुप्पट झाला तर ही वाढ दुप्पट होते. पण केंद्रापासून कडेचे अंतर दुप्पट झाले तर ती चौपट होते.

एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. नंबर मायनस ६, दोन बुबुळांमधले अंतर, म्हणजे पीडी, ६२ मिलिमीटर. आवडलेल्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८ असे छापलेले आहे: काचेची रुंदी ५२, दोन काचांमधले अंतर १८. दोन्हींची बेरीज ७०, म्हणजे दोन काचांच्या मध्यबिंदूंमधले अंतर ७० मिलिमीटर. बुबुळे मात्र ६२वर. याचा अर्थ प्रत्येक डोळ्यासाठी दृष्टिकेंद्र काचेच्या मध्यापासून ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवावे लागणार. काचेची अर्धी रुंदी २६ आणि सरकवलेले ४, असे कानशिलाकडच्या कडेचे अंतर ३० होते. साध्या १.५० अंकाच्या प्लास्टिकमध्ये, मधली जाडी २ मिलिमीटर धरली तर, ही कड सुमारे ७.४ मिलिमीटर जाड होईल. आता ४६-२० मापाचा चष्मा घेतला तर बेरीज ६६, सरकवायचे फक्त २, आणि कडेचे अंतर २५. पदार्थ तोच, तरीही कड सुमारे ५.८ मिलिमीटर. मोठे माप तसेच ठेवून महागडा १.६७ अंकाचा पदार्थ वापरला तर कड साधारण ६ मिलिमीटर होते. म्हणजे नुसते माप योग्य निवडल्याने महागड्या काचेपेक्षा जास्त फायदा झाला. दोन्ही एकत्र केले, ४६-२०चे माप आणि १.६७चा पदार्थ, तर जाडी ४.८वर येते. मायनस ६ नंबरसाठी ती रिमलेसमध्ये चालण्यासारखी आहे.

मायनस नंबरच्या रिमलेससाठी यातून दोन कसोट्या मिळतात. काचेची रुंदी आणि ब्रिज यांची बेरीज स्वतःच्या पीडीच्या शक्य तितकी जवळ असावी, आणि आकार गोलाकडे किंवा लंबगोलाकडे झुकणारा असावा. गोल काचेत केंद्रापासून सगळ्या कडा जवळपास सारख्या अंतरावर राहतात. चौकोनी काचेचे कोपरे केंद्रापासून सर्वांत दूर असल्याने तिथे जाडी सर्वांत जास्त येते, शिवाय टोकदार कोपऱ्यांचे कपचे उडण्याचा धोका असतो. बाहेरच्या बाजूला वर ताणलेला, मांजरीच्या डोळ्यासारखा आकार मायनस ३च्या पुढे रिमलेसमध्ये टाळलेलाच बरा. दूरचे टोक आणि काडीचे भोक दोन्ही त्यात एकाच जागी येतात.

रिमलेसला खरी काच सहसा वापरत नाहीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा नाकावर चिमटून बसणारा बिनकडीचा चष्मा प्रसिद्ध आहे. त्या काळात काचेलाच भोक पाडत, आणि असे चष्मे सहज फुटत. काचेला पर्याय आला तो युद्धकाळात. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सीआर-३९ नावाचे पारदर्शक प्लास्टिक तयार झाले आणि १९४७ पासून त्याच्या चष्म्याच्या काचा बनू लागल्या. आजची सर्वांत स्वस्त प्लास्टिक काच तीच. प्रतिमा सुरेख, किंमत कमी. पण भोक पाडल्यावर ती ठिसूळ ठरते. स्क्रू थोडा जास्त आवळला तरी भोकापासून केसासारखे तडे फुटतात. कडीच्या फ्रेममध्ये अनेक वर्षे टिकणारी ही काच रिमलेसमध्ये घालणे म्हणजे दुरुस्तीचा खर्च आधीच ठरवून ठेवणे. दुकानदार ‘साधी काच बसेल’ म्हणाला तरी ती नको म्हणावे.

दुसरा पदार्थ पॉलिकार्बोनेट, बोलीत ‘पॉली’. दगड लागला तरी तो सहसा फुटत नाही. लहान मुलांच्या आणि खेळाडूंच्या चष्म्यांसाठी त्याची शिफारस होते ती त्यामुळेच. अपवर्तनांक १.५८६, म्हणून पातळही होतो. पण त्याला दोन मर्यादा आहेत. भोकाभोवती सतत ताण राहिला तर त्यात बारीक तडे जाऊ शकतात, आणि नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनसारख्या द्रवाचा थेंब लागला तरी तो जागीच खराब होतो. शिवाय त्याचा ॲबे अंक फक्त ३०च्या आसपास असतो. ॲबे अंक जितका कमी, तितकी काच रंग जास्त फोडते. मोठ्या नंबराच्या पॉलीतून तिरके पाहिले की दिव्यांच्या आणि पांढऱ्या अक्षरांच्या कडांना निळी-पिवळी झालर दिसते. सीआर-३९चा ॲबे अंक ५८ आहे.

रिमलेससाठी सर्वांत सरस पदार्थ ट्रायव्हेक्स. अमेरिकेतील पीपीजी कंपनीने तो २००१ मध्ये चष्म्यांसाठी आणला. अपवर्तनांक १.५३, ॲबे अंक ४५च्या जवळ आणि घनता फक्त १.११, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या काचांमध्ये सर्वांत हलका. त्याला भोक पाडताना चिरा पडत नाहीत आणि स्क्रूचा ताण तो वर्षानुवर्षे सोसतो. नंबर प्लस किंवा मायनस ३पर्यंत असेल तर रिमलेसमध्ये ट्रायव्हेक्स घ्यावे, हा सल्ला फारशा अपवादांविना देता येतो. त्याच्या पुढे अपवर्तनांक कमी पडतो आणि कड जाड होऊ लागते.

मायनस ३ ते ६ या टप्प्यात १.६० अंकाचा थायोयुरेथेन पदार्थ उत्तम. जपानच्या मित्सुई केमिकल्सचा एमआर-८ हा त्यातला सर्वाधिक वापरात असलेला. त्याचा ॲबे अंक ४१च्या आसपास असून भोकाजवळची मजबुती ट्रायव्हेक्सच्या जवळ जाते. मायनस ५च्या पुढे १.६७चा पदार्थ विचारात घ्यावा. ॲबे अंक ३१-३२पर्यंत खाली येतो, पण पातळपणा मिळतो. १.७४ हा सर्वांत पातळ आणि सर्वांत महाग. जाहिरातींत त्याचा गवगवा होत असला तरी रिमलेससाठी तो तितका योग्य नाही. तो तुलनेने ठिसूळ आहे, आणि घनताही १.४७, म्हणजे पातळ होऊनही वजनात म्हणावी तेवढी घट होत नाही. १.७४ची गरज पडेल इतका नंबर असेल तर रिमलेसचाच फेरविचार करावा.

लहान नंबरवाल्यांची फसगत वेगळ्या प्रकारे होते. मायनस ०.५० किंवा ०.७५ नंबरला ‘पातळ हवी’ म्हणून १.६७ची काच घेतली तर ती कडेलाही दीड मिलिमीटरच्या आसपास भरते. भोक पाडायला इतकी जाडी अपुरी आहे. कमी नंबरला पातळपणासाठी पैसे मोजायचे कारणच नसते. तिथे ट्रायव्हेक्स किंवा १.६० घेऊन मधली जाडी २ मिलिमीटर ठेवायला सांगावे.

प्लस नंबरचा हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. भोकापाशी निदान दोन मिलिमीटर जाडी हवी, आणि ती मिळवायची तर सगळी काच जाड करावी लागते. प्लस ४ नंबर, वरचेच ५२-१८चे माप, पीडी ६२ आणि १.५० अंक असे धरले, तर कानशिलाकडची कड २ मिलिमीटर ठेवण्यासाठी मधली जाडी सुमारे ५.६ करावी लागेल, आणि नाकाकडची कड पावणेचार मिलिमीटरच्या जवळ जाईल. काच जड होईल, आणि डोळेही मोठे दिसतील. ४६-२०मध्ये मधली जाडी ४.५ पुरते. म्हणून प्लस काच बनवून घेताना तयार साठ्यातली ७० मिलिमीटरची गोल काच कापून न घेता, निवडलेल्या आकाराचे माप आणि भोकांची जागा कळवून प्रयोगशाळेतून खास बनवून घ्यावी. तयार काचेत जाडी त्या मोठ्या गोलाच्या कडेच्या हिशेबाने धरलेली असते. लहान आकार कापला की मध्ये उगाचच फुगवटा उरतो. समोरचा बाक कमी केलेली ॲस्फेरिक काच प्लस २च्या पुढे घेणे फायद्याचे. चाळिशीच्या प्लस १ ते २च्या वाचनाच्या चष्म्याला मात्र यातली कुठलीच अडचण येत नाही. प्लस ४च्या पुढे रिमलेस सहसा हिताचा नसतो.

चिठ्ठीत सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा जादा नंबर, असेल तर नुसता आकडा पाहून भागत नाही, त्याची दिशा सांगणारा ॲक्सिसही पाहावा लागतो. स्फेरिकल मायनस ३ आणि सिलिंडर मायनस २ असलेल्या दोन माणसांची उदाहरणे घेऊ. एकाचा ॲक्सिस १८०, दुसऱ्याचा ९०. सिलिंडरची ताकद ॲक्सिसला काटकोनात काम करते. ॲक्सिस १८० असलेल्याच्या काचेत मायनस ५ची ताकद उभ्या दिशेला येते; जाडी वरच्या आणि खालच्या कडेला जाते, भोकांच्या ठिकाणी मायनस ३चीच जाडी राहते. ॲक्सिस ९० असलेल्याच्या काचेत मायनस ५ आडव्या दिशेला येते, नेमकी जिथे काडी जोडायची तिथे. पहिल्याला रिमलेस आरामात चालेल. त्याची काच उंचीला कमी ठेवली की झाले. दुसऱ्याने रुंदी कमी करावी किंवा पदार्थ वरच्या अंकाचा घ्यावा. चिठ्ठीतली बेरीज दोघांचीही सारखीच असते.

सिलिंडरवाल्यांनी जोडणीचा प्रकारही तपासावा. भोकातली पकड सैल झाली की काच भोकाभोवती किंचित फिरते. कडीच्या चौकोनी फ्रेममध्ये असे होऊ शकत नाही. ॲक्सिस १० अंशांनी ढळला तर सिलिंडरच्या साधारण एक तृतीयांशाइतका दोष डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहतो. सिलिंडर २ असेल तर तो पाऊण डायॉप्टरच्या जवळ जातो आणि डोके दुखायला लागते. म्हणून प्रत्येक जोडावर दोन भोके, किंवा एक भोक आणि कडेला एक खाच असलेली जोडणी घ्यावी. एकाच भोकावर टेकलेली जोडणी सिलिंडर नसलेल्या किंवा नगण्य असलेल्या नंबरांसाठी ठीक आहे.

जोडणी मुख्यतः दोन प्रकारची. जुन्या पद्धतीत स्क्रू आणि नट, मध्ये प्लास्टिकचा वॉशर. दुरुस्ती कुठल्याही गावातल्या दुकानात होते, पण स्क्रू काही महिन्यांनी सैल पडतो. दुसऱ्या पद्धतीत भोकात प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे बुश, बसवून तिच्यात धातूच्या दोन पिना दाबतात, स्क्रू नसतोच. ऑस्ट्रियातील सिल्हूएट कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणलेला, स्क्रू आणि बिजागरी नसलेला १.८ ग्रॅमचा टायटॅनियम चष्मा या पद्धतीचा सर्वांत गाजलेला नमुना. ही पकड घट्ट राहते आणि ताण सारखा विभागला जातो. मात्र बुश बदलायला त्याच मापाचे सामान आणि दाबण्याची खास पक्कड लागते. मायनस ४च्या पुढे काच ज्या जाडीची होईल तेवढ्या लांबीचे स्क्रू किंवा पिना त्या मॉडेलला मिळतात का, हे ऑर्डर देण्याआधीच विचारून घ्यावे. पुढच्या बाजूचा बाकही महत्त्वाचा आहे. मोठ्या मायनस काचेचा पुढचा भाग जवळपास सपाट आणि प्लसचा फुगीर असतो, त्यामुळे भोक कोणत्या कोनात पाडायचे हे बदलते. कारागिराने डेमो काचेवरून कोन जसाच्या तसा उतरवला तर एकाच्या काड्या फाकतात आणि दुसऱ्याच्या कानशिलांवर दाबतात.

काड्या आणि ब्रिज टायटॅनियमचे असावेत. साध्या मिश्रधातूतल्या निकेलची अनेकांना ॲलर्जी असते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाने नोज पॅडच्या आसपास हिरवा थर धरतो. टायटॅनियमला गंज चढत नाही.

वर दूरचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेसाठी रिमलेस फार सोयीचा ठरू शकतो, कारण उंची हवी तेवढी ठेवता येते. बुबुळाच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंत नेहमीच्या डिझाइनला साधारण १८ मिलिमीटर आणि आखूड डिझाइनला १४च्या आसपास जागा लागते. डेमो काच याहून कमी उंचीची असेल तर तोच चष्मा ठेवून उंच आकार मागता येतो. चष्मा नाकावर नीट बसवून, नोज पॅड जुळवून झाल्यावरच बुबुळाची जागा डेमो काचेवर खुणावावी. आधी खूण करून नंतर नोज पॅड वाकवले तर वाचनाचा भाग दोन मिलिमीटर खाली जातो आणि वाचताना हनुवटी उचलावी लागते.

दोन डोळ्यांच्या नंबरांत दोन डायॉप्टरहून अधिक फरक असेल तर रिमलेसमध्ये तो उघडा दिसतो, कारण एक कड पातळ आणि दुसरी जाड. कड झाकणारी फ्रेमच तिथे बरी. वरच्या बाजूला कडी आणि खाली नायलॉनचा दोरा असलेली, दुकानांत ‘सुप्रा’ म्हणून ओळखली जाणारी अर्धी फ्रेम हा मधला मार्ग आहे: वरची जाडी झाकली जाते, भोक पाडावे लागत नाही, फक्त दोऱ्यासाठी कडेला खाच कोरायला सुमारे दोन मिलिमीटर जाडी लागते. मायनस ६च्या पुढच्या नंबरला लहान, गोलसर, पूर्ण कडीची फ्रेम दिसायला आणि टिकायला दोन्हींनी सरस ठरते. शाळकरी मुलांना आणि मैदानी खेळ खेळणाऱ्यांना रिमलेस देऊच नये. रोज हेल्मेट चढवणाऱ्या दुचाकीस्वारांनीही विचार करूनच घ्यावा. हेल्मेटचे अस्तर काड्या आत दाबते आणि तो दाब थेट भोकांवर येतो.

उघड्या कडेचे काम कसे केले आहे यावर बरेच अवलंबून असते. कड चकचकीत पॉलिश केली की ती पातळ भासते, पण मायनस ४च्या पुढे तिच्यातून प्रकाश आत परावर्तित होतो आणि समोरून पाहणाऱ्याला काचेत एकात एक वर्तुळे दिसतात. मोठ्या नंबराला कड मंद, धुरकट ठेवावी आणि काचेवर अँटीग्लेअरचा थर घ्यावा. दोन्ही बाजूंची धारदार किनार मारून घेतलेली असावी. नसेल तर गालाला टोचते आणि कपचे उडतात. चष्मा हाती आल्यावर भोकांभोवती उजेडात पाहावे. तिथे चांदणीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर काच बदलून मागावी, कारण त्या रेषा वाढतच जातात.

वापरताना चष्मा दोन्ही हातांनी काढावा, एका हाताने ओढला की एकाच बाजूच्या भोकांवर पीळ येतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, तापल्यावर काचेवरच्या थराला भेगा जातात. नंबर बदलला की कडीच्या फ्रेमप्रमाणे फक्त काच बसवून भागत नाही. नव्या काचा पुन्हा भोके पाडून घ्याव्या लागतात, आणि मजुरी जास्त पडते. ज्यांचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो आहे अशा विशी-आतल्या मुलामुलींनी नंबर स्थिर होईपर्यंत थांबावे. जुन्या काड्या आणि ब्रिज चांगले असतील तर ते नव्या काचांना लावता येतात, पण बुश, वॉशर आणि नोज पॅड त्या वेळी नवे घालून घ्यावेत, आणि नव्या नंबराची कड आधीपेक्षा जाड होत असेल तर स्क्रूची लांबी पुन्हा मोजून घ्यावी.